तिसऱ्या सिलिंडरची वायर

मघाशी तू गाडी दारात लावलीस ना, तेव्हा मी आत जेवत होतो. घास हातातच राहिला. म्हटलं, हिचा एक सिलिंडर झोपा काढतोय. तुझ्या आईला बोललोसुद्धा. ती म्हणाली, "दादा, पोराने हौसेने गाडी घेतलीये, आल्या आल्या खोट काढू नकोस." म्हणून गप्प बसलो. आता ती आत आवराआवर करतेय, तर विचारतो. मिसिंग करते ना?

"थोडीशी" म्हणे! अरे, चार गड्यांतला एक कामावरच येत नसेल तर त्याला थोडीशी म्हणतात का?

बरं, बसा दोघं. चिमे, पायरीवरचा दिवा राहू दे बंद, किडे येतात. आणि आज रात्री गाडी घेऊन परत जायचं नाही. इथेच झोपा, सकाळी मी स्वतः बरोबर येतो आणि गाडी दाखवतो. का, ते सांगतो. हे माझ्या मित्राच्या बाबतीत घडलंय. ऐकीव नाही. अर्ध्याला मी हजर होतो. ज्या अर्ध्याला नव्हतो, ते त्याने मला त्याच रात्री सांगितलं, आणि तो माणूस मला कधी खोटं बोललेला नाही. म्हणजे... मला नाही.

त्याचं गॅरेज होतं. अजून आहे. आम्ही सगळे त्याला कानसेन म्हणायचो, कारण तो गाडी बघायचा नाही, ऐकायचा. रस्त्याने गाडी गेली की आत चहा पिता पिता सांगायचा, पट्टा सैल झालाय, बेअरिंग चाललंय. मान वाकडी करून, डोळे मिटून. त्याची बायको म्हणायची, "मी तापाने फणफणले तरी ह्यांना कळणार नाही. माझ्यातून खडखड आवाज यायला हवा."

तर दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरची एकवीस तारीख, मंगळवार. माझं स्पेअर पार्टचं दुकान तेव्हा चालू होतं. दुपारी चारला त्याचा फोन आला, "चार प्लग आण, आणि एक कॉइल." मी माल पिशवीत टाकला आणि निघालो. त्याचं गॅरेज आणि माझं दुकान यांच्यामध्ये एक लाँड्री आणि एक चष्म्याचं दुकान, बस. रोजचंच जाणं.

गेलो तर आत एक छोटी हिरवी गाडी उभी. बॉनेट उघडं. कानसेन तिच्यापासून चार हात लांब, स्टुलावर बसलेला. मला बघून उठला नाही. प्लगसाठी हातही पुढे केला नाही.

मी म्हटलं, "काय रे, तब्येत बरी नाही का?"

तो म्हणाला, "नंबर बघ."

मी वाकून नंबरप्लेट बघितली. आणि माझी पिशवी खाली ठेवायची राहिलीच. माणूस गाडीचा रंग बदलतो, सीटकव्हरं बदलतो. नंबर तोच राहतो. त्याच्या चार वर्षं आधी ही गाडी पांढरी होती, आणि एका नर्सबाईंची होती.

त्या बाईंचं आधी सांगितलं पाहिजे.

सरकारी दवाखान्यात होत्या. पन्नाशीच्या आसपास, उंचीला बुटक्या. बाळंतपणाच्या कामात हात इतका चांगला, की आडवाटेच्या वस्तीतून रात्री-अपरात्री त्यांनाच फोन यायचा. गाडी त्याचसाठी घेतलेली, जुनीच. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा कानसेनने गाडीचे प्लग बदलून दिले. आठ दिवसांनी पुन्हा आल्या. "अहो, रात्री गाडी एक ठोका गाळते. एक, दोन, तीन... आणि मग खड्डा. हवा दमट असली की जास्त." कानसेनने गाडी चालवून बघितली. काही नाही. पाठवून दिलं.

पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा आल्या. सकाळचे अकरा, ऊन कडक. गॅरेजमध्ये तेव्हा दोन-तीन गिऱ्हाइकं होती, आणि मी होतो. कानसेन त्यांना शेजारी बसवून एक चक्कर मारून आला. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. तो उतरला, हात पुसले, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "सिस्टर, गाडी ठणठणीत आहे. बाळांची रडणी ऐकून ऐकून तुमचे कान वाजायला लागलेत. कानाच्या डॉक्टरकडे जा."

सगळे हसले.

हसणाऱ्यांत मी होतो. ते लपवून काय करू? चांगला मोठ्याने हसलो.

बाईंचा चेहरा लाल झाला. किल्ली घेतली, गाडीत बसल्या, निघाल्या. फाटकातून वळताना गाडी मंद झाली आणि... बाकी कुणाला कळलं नाही. मलाही नाही. पण कानसेनला कळलं. एक ठोका गळला. एकच. तो त्याने स्वच्छ ऐकला. त्यांना थांबवायला हात वर केला. इतका वर... खांद्यापर्यंत. पण मागे लोक अजून हसत होते. आता बोलावलं तर काय म्हणायचं? चूक माझी होती म्हणायचं? हात खाली आला. त्याने तो डोक्यावरून फिरवला, केस सारखे केल्यासारखा.

अकरा दिवसांनी रात्री त्यांना एका वस्तीवरून बोलावणं आलं. धुकं होतं. चढावर गाडी झटके मारायला लागली. बाईंनी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, बॅटरी घेऊन आत वाकून बघत उभ्या राहिल्या. मागून ट्रक आला. वळण होतं, त्याला दिसलंच नाही.

तिकडची बाळंतीण सुटली. दुसरी नर्स पोचली म्हणून. इकडे गाडीला नुसता ओरखडा, आणि बाई जागेवरच गेल्या.

कानसेन त्यांच्या घरी भेटायला गेला नाही. मी जाऊन आलो, तेव्हा त्याला म्हटलं, "जाऊन ये रे, आपलं गिऱ्हाईक होतं." तो म्हणाला, "कामं आहेत." मला तेव्हा जरा विचित्र वाटलं. हाताचं आणि ठोक्याचं मला तोपर्यंत काहीच माहीत नव्हतं ना. चार वर्षं त्याने ते पोटात ठेवलं. त्या मंगळवारी, स्टुलावर बसून, पहिल्यांदा सांगितलं.

ऐकून मी म्हटलं, "मग ही गाडी घेतलीसच कशाला? नाही म्हणायचं होतंस."

तो म्हणाला, "मालक काय म्हणाला, ते ऐकायचंय का तुला?"

मालक एक मास्तर होते. महिन्यापूर्वी गाडी घेतलेली, मधल्या दोन मालकांनंतर. आई आजारी, तिला आठवड्यातून दोनदा मोठ्या दवाखान्यात न्यायचं, परतायला रात्र व्हायची. रस्ता तोच, चढाचा. मास्तर सकाळी येऊन म्हणाले होते, "गाडी दिवसा शहाण्यासारखी वागते हो. रात्री धुक्यात मिसिंग करते. तीन ठिकाणी दाखवली. सगळे म्हणतात, तुमचा भास आहे. आई मागे झोपलेली असते, मला भीती वाटते. तुमचा कान तिखट आहे असं ऐकलंय, म्हणून आलो. उद्या सकाळी सातला आईला घेऊन निघायचंय."

"भास आहे," कानसेन माझ्याकडे बघत म्हणाला. "मी त्यांना नाही म्हणू? कोणत्या तोंडाने?"

मग तो उठला. आणि कामाला लागला तो असा, की मी दुकान नोकरावर टाकून तिथेच थांबलो. प्लग काढून बघितले. चांगले. तरी नवे घातले. कॉइल बदलून बघितली. फरक नाही. स्कॅनर लावला. तो म्हणतो, तिसऱ्या सिलिंडरमध्ये कधीतरी मिसफायर झालाय. कधी, कशाने, ते सांगत नाही. कम्प्रेशन मोजलं, चारही सारखे. पेट्रोलचा दाब बरोबर. इंजेक्टरची अदलाबदल केली, तरी काही नाही. आणि गाडी आपली गुळगुळीत चाललेली. संध्याकाळी साडेसहापर्यंत तो तिच्याभोवती फिरत होता. मी म्हटलं, "असेल बाबा मास्तरांचा भासच."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुढे बोललो नाही.

"हिला दिवसा काही होत नाही," तो म्हणाला. "हिला अंधारात आणि ओलीतच बघायला हवं."

हे खूळ नाही हं. जुनी पद्धत आहे. प्लगला जी वायर जाते, तिच्यातून मोठा करंट जातो. वायरीचं रबर कुठे झिजलेलं असेल, तर हवा कोरडी असताना काही होत नाही. पण ओल आली की करंट प्लगपर्यंत जायच्या आधीच उडी मारतो, जवळच्या लोखंडावर. तिकडे सिलिंडर उपाशी. ही ठिणगी उजेडात दिसत नाही. म्हणून इंजिन चालू ठेवायचं, दिवे घालवायचे, इस्त्रीवाले कपड्यांवर मारतात तसल्या बाटलीने पाण्याचा फवारा मारायचा आणि बघत बसायचं. जिथे निळं चमकलं, तिथे रोग.

मी थांबतो म्हटलं. तो म्हणाला, "नको, घरी जा. हे माझं काम आहे." मी गेलो. ह्यापुढचं मी बघितलेलं नाही. त्याने सांगितलं तसं सांगतो.

साडेआठला कामगार गेले. त्याने शटर आतून ओढून घेतलं आणि गाडी मागच्या अंगणात घेतली. तिन्ही बाजूंना भिंत, वर उघडं आकाश. काय? धूर डोक्यात गेला असेल? शहाणाच आहेस. म्हणून तर सांगतोय, वर उघडं आकाश. कानसेन पंचवीस वर्षं ह्या धंद्यात होता, बंद खोलीत इंजिन चालवायला तो काही खुळा नव्हता.

धुकं उतरायला लागलं होतं. पावणेनऊला त्याने अंगणातला दिवा मालवला. इंजिन चालू. बॉनेट वर. हातात बाटली. डोळे अंधाराला सरावेपर्यंत तो नुसता उभा राहिला.

पहिला फवारा, पहिल्या वायरीवर. काही नाही.

दुसऱ्या वायरीवर. काही नाही.

तिसऱ्या वायरीवर मारला.

टिक.

बारीकशी निळी रेघ. वायरीतून बाजूच्या लोखंडी पट्टीवर. आणि त्याच क्षणी इंजिन अडखळलं. एक, दोन, तीन... खड्डा. कानसेनला आधी आनंदच झाला, म्हणाला. सापडली! चार वर्षांनी का होईना, सापडली. त्याने आणखी फवारा मारला.

टिक. टिक.

ठिणगीचा उजेड तो केवढा? डोळा लवेपर्यंत जातो. पण तेवढ्यात त्याला दिसलं, की गाडीच्या पलीकडच्या बाजूला, बॉनेटच्या कडेवर, काहीतरी आहे. त्याला वाटलं, पाना राहिला.

टिक.

पाना नव्हता.

हात होते.

दोन. कडेवर टेकलेले. आत वाकून बघणारा माणूस टेकवतो, तसे.

तो म्हणाला, माझी बाटली हातातून पडायला हवी होती. पडली नाही. बोटं आपली मिटत-उघडत राहिली, आणि त्यामुळे फवारा उडतच राहिला.

टिक... मनगटं.

टिक... कोपरापर्यंत बाह्या. पांढऱ्या.

चेहरा अंधारात होता. त्याने वर बघितलं नाही. बघवलं नाही. नजर वायरीवरच ठेवली. इंजिन चाललं होतं. एक, दोन, तीन... एक, दोन, तीन...

आणि मग त्या खड्ड्यात, जिथे चौथा ठोका यायला हवा, तिथे कुणीतरी बोललं. मोठ्याने नाही. शेजारी वाकून काम करणारा बोलतो, तेवढ्याच आवाजात.

"येतंय ऐकू?"

...

त्याने मान हलवली. अंधारात मान कोण बघणार?

"येतंय," तो म्हणाला.

एक, दोन, तीन...

"आणि तेव्हा?"

...

चिमे, मला विचारू नकोस आवाज कसा होता. मीही त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर बरं झालं असतं. त्या आवाजाला फक्त माहिती हवी होती. नर्स विचारते ना, कधीपासून दुखतंय?... तसा.

धुकं बॉनेटवर थेंबाथेंबाने साचत होतं. आता फवारा मारायची गरजच राहिली नव्हती. ठिणगी आपली आपणच उडत होती. टिक. टिक. टिक. प्रत्येक ठिणगीला ते हात. तिथेच. हललेले नाहीत.

मग तो बोलला.

"तेव्हाही आलं होतं, सिस्टर."

इंजिन बंद पडलं.

किल्लीला कुणी हात लावला नव्हता. आपोआप. अंधार. शांतता. तापलेलं लोखंड थंड होताना करकरतं, तेवढंच.

तो भिंतीला चाचपत गेला. दिवा लावला. अंगणात कुणी नव्हतं. शटरला आतून कडी तशीच. गाडीपाशी परत जायला त्याला पाच मिनिटं लागली. पण गेला. हे मात्र मानायला हवं. पळून नाही गेला. सकाळी सातला त्या गाडीत एक आजारी बाई बसणार होती.

बॅटरी घेऊन त्याने तिसरी वायर बघितली. वायर तशी नवी, वर्षभरापूर्वी कुणीतरी बदललेली. पण ती लोखंडी पट्टीवर घासत होती आणि रबर तेवढ्याच जागी झिजलेलं. म्हणजे जुनी वायर आठवड्यात झिजणार, नवी घातली की काही महिने बरं. मग पुन्हा झिजायची. पुन्हा ओलीत ठिणगी. वायर का घासते, म्हणून त्याने वर बघितलं. चार वायरी एकमेकींपासून आणि लोखंडापासून लांब राहाव्यात म्हणून कंगव्यासारखी प्लास्टिकची पट्टी असते. ती नव्हती. तिची नुसती दोन भोकं होती.

आणि मग त्याला आठवलं.

बाई पहिल्यांदा आल्या होत्या, प्लग बदलले होते, तेव्हा ती पट्टी काढताना मोडली होती. त्याच्याच हाताने. कटकन. गॅरेजमध्ये दुसरी नव्हती. "नंतर लावू," म्हणून त्याने तुकडा खिशात टाकला होता. बाईंना सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते काय, एवढीशी पट्टी! आणि मग तो विसरून गेला. खरोखर विसरला. रोग त्याला सापडला नव्हता, कारण तो त्यानेच लावला होता.

नऊ वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला.

"तुझ्याकडे वायरी धरायची पट्टी आहे का रे? चार वायरींची." आवाज असा, की मी विचारलंच नाही काय झालं. दुकान उघडलं, पट्टी शोधली, वायरींचा एक सेट घेतला. गेलो. तो आत टायरवर बसला होता, ओंजळीत तोंड धरून. मला वाटलं रडतोय. रडत नव्हता. नुसता बसला होता. मी शेजारी बसलो. त्याने सगळं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसं. अगदी सावकाश.

मग आम्ही दोघांनी मिळून काम केलं. चारही वायरी नव्या. पट्टी बसवली, दोन्ही स्क्रू आवळले. त्याने तिसऱ्या वायरीवर बोट फिरवलं, कुठे टेकत तर नाही ना, म्हणून. तीन-तीनदा फिरवलं. मग इंजिन चालू केलं आणि दिवा घालवावा लागला. पुन्हा. मी होतो म्हणून घालवला, म्हणाला. मी त्याचा दंड धरून उभा होतो. कोण कुणाला धीर देत होतं, कुणास ठाऊक.

फवारा मारला. अख्खी बाटली रिकामी केली. ठिणगी नाही. एकही ठोका चुकला नाही. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. पलीकडे नुसती भिंत.

मी म्हटलं, "झालं. सुटलास."

तो म्हणाला, "गाडी सुटली."

त्याला मी एकटं घरी जाऊ दिलं नाही. गाडीला कुलूप, शटरला कुलूप, दोन्ही किल्ल्या त्याच्या खिशात, आणि तो माझ्या घरी. तुमच्या मामीने अंथरूण घातलं. रात्रभर झोपला नाही. मी डोळा उघडला की तो उशीला टेकून बसलेला. किल्ल्या मुठीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नर्सबाईंच्या घरी गेला. मी बरोबर होतो, पण बोलला तोच. बाईंचे यजमान दारातच भेटले. आत या म्हणाले. कानसेन बसला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. मोडलेली पट्टी. ऐकलेला ठोका. वर केलेला आणि खाली घेतलेला हात. रात्रीचं मात्र काही सांगितलं नाही.

यजमानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ती मला म्हणाली होती. घरी आल्या आल्या. म्हणाली, ते सगळे हसले मला, पण मी आरशात बघितलं, त्यांनी हात वर केला. म्हणजे त्यांनाही आलं ऐकू. मी म्हटलं, मग दुसरीकडे दाखव. तर म्हणाली, कशाला? आता ते स्वतःच फोन करतील."

थोडं थांबून म्हणाले, "अकरा दिवस वाट बघितली तिने."

...

कानसेनने काय केलं म्हणतेस? काय करणार? खाली वाकला आणि त्यांचे पाय धरायला गेला. त्यांनी धरू दिले नाहीत. मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तरी चाललं असतं. त्यांनी आतून पाणी आणून दिलं. ते त्याने तसंच परत दिलं. आणि मी? मोठ्याने हसलो होतो ना मी. ते सांगायला माझं तोंड उघडलं नाही तिथे. आजतागायत उघडलेलं नाही, तुम्हाला सांगेपर्यंत.

गॅरेज तो अजून चालवतो. कानसेन म्हटलेलं मात्र आता खपत नाही त्याला. आणि गिऱ्हाईक म्हणालं की गाडी आवाज करते, तर ह्याला येवो न येवो ऐकू, गाडी ठेवून घेतो. रात्रीसुद्धा बघतो. दिवा घालवताना कुणालातरी शेजारी उभं करतो. पण बघतो.

म्हणून म्हणालो, तुझी गाडी आज हलवायची नाही. सकाळी त्याच्याकडेच जायचंय.

थांब, उठू नकोस. मधली सकाळ सांगायची राहिली. मुद्दामच मागे ठेवली होती. तुमच्या आईला सांगू नका.

त्या रात्रीनंतरची सकाळ, बुधवारची. पावणेसातला आम्ही दोघं गॅरेजवर पोचलो. शटरचं कुलूप त्याने माझ्यासमोर उघडलं. अंगणात गाडी होती तिथेच होती. दारं बंद, कुलूपबंद. पाच-दहा मिनिटांत मास्तर आले. आई रिक्षात बसलेली. कानसेनने त्यांना वायर दाखवली, पट्टी दाखवली, आणि म्हणाला, "भास नव्हता तुमचा. दोष होता. काढलाय." मास्तरांचे डोळेच भरून आले. आईसाठी हो, दुसरं काय. किल्ली घेतली, दार उघडलं, आत बसायला गेले...

"अहो," मास्तर म्हणाले.

मास्तर सहा फूट. कानसेन त्यांच्याहून दोन बोटं उंच. आदल्या रात्री शेवटचा आत बसला होता तो कानसेनच. मी कडेला उभा होतो, आत बसलो नाही.

मास्तरांचा एक पाय आत गेला, दुसरा जाईना. गुडघा स्टिअरिंगला अडला. पाठ आणि चाक यांच्यामध्ये जेमतेम एक बुटकी बाई मावेल, एवढीच जागा.

"एवढं पुढे कोण बसलं होतं?" मास्तर हसत म्हणाले.

मी कानसेनकडे बघितलं. तो गाडीकडे बघत नव्हता. उघड्या शटरमधून बाहेर, फाटकाकडे बघत होता.



मास्तरांनीच मग खाली हात घातला, दांडी ओढली, आणि सीट मागे ढकलली. कट... कट... कट...

सात खाचा. मी मोजल्या.